मागच्या सीटवरची दिवाळी

आमच्या ह्यांच्या बुलेटच्या मागच्या सीटवर माझं निम्मं आयुष्य गेलं. ओढणी कमरेला घट्ट, पिशवी मांडीत आणि तोंडाचा पट्टा चालू. हे म्हणायचे, "तुझ्या बडबडीत इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही गं." मी म्हणायचे, "मग इंजिनाशीच लग्न लावायचं होतं, कुणी अडवलं होतं?" नगरच्या एमआयडीसीतून हे निवृत्त झाले तेव्हा लोक म्हणाले, आता गाडी विका, नातवंडं खेळवा. ह्यांनी उलट नवं जाकीट शिवून घेतलं, तेही माझ्याकडून, आणि आठ-दहा बुलेटवाल्यांचा ग्रुप जमवला. रविवारी सकाळी केडगावात आमच्या दारात गाड्या धडधडायला लागल्या की शेजारीण खिडकी आपटून लावायची. सगळे ह्यांना दादा म्हणायचे, मला वहिनी. मी वरवर कुरकुर करायचे, पण मनातून मला ते सगळं फार आवडायचं.

मग ह्यांना काचबिंदू निघाला. आधी नुसते कप फुटायचे. टेबलावर ठेवायला जायचे आणि कप कडेवरून खाली. चालताना चौकटीला खांदा लागायचा. मी ओरडायचे, "लक्ष कुठंय तुमचं?" लक्ष जागेवर होतं, नजर नव्हती. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. समोरचं, मधलं तेवढं दिसतंय. बाजूचं आणि खालचं गेलंय. अंधारून आलं की आणखी कमी. थेंब घालून आहे तेवढं टिकवायचं. मी विचारलं, "ऑपरेशन करून?" मोतीबिंदूसारखं काढून टाकता येत असेल, अशी माझी समजूत. ते म्हणाले, "गेलेलं परत येत नाही, बाई." आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "गाडी बंद करा. आजपासून."

बाहेर येऊन ह्यांनी गाडीला किल्ली लावली, किक मारली आणि मला म्हणाले, "बस."

मी बसले. दुसरं काय करणार होते? घरी आल्यावर मात्र भांडले, रडले, भांडी आपटली. "कुणाचं लेकरू मधे आलं म्हणजे? कुणाला तोंड दाखवाल?" ह्यांनी शांतपणे माझा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला. दिवाळी होईपर्यंत कुणाजवळ एक शब्द काढायचा नाही. ते दोघं येतायत. त्यांच्यापुढं मी आंधळा म्हणून उभा राहणार नाही. दिवाळी झाली की बघू." नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडायची म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. एकीकडे शपथ आणि दुसरीकडे डॉक्टर. रात्री कूस बदलत मी देवाला म्हणायचे, बाबा रे, तूच काय ते बघ, माझ्या हातात काही ठेवलं नाहीस.

ते दोघं म्हणजे जर्मनीचे नवरा-बायको, साधारण आमच्याच वयाचे. काही वर्षांपूर्वी स्पितीच्या रस्त्यावर त्यांची गाडी बंद पडली होती. ह्यांनी थांबून आपल्याजवळची क्लचची केबल त्यांना बसवून दिली, आणि मग दगडांवर बसून माझ्या पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी चौघांनी खाल्ली. तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, तरी परत मागून घेतली. तेव्हापासून नाताळला आमचा फोन, दिवाळीला त्यांचा. माझं इंग्रजी बेताचं, तिचंही बेताचं, त्यामुळे आमचं छान जमायचं. ती मला "वाहिनी" म्हणायची, वा चांगला लांबवून. उंच बाई, पांढरे बारीक कापलेले केस, आणि गाडी स्वतःची स्वतः चालवायची. एकदा मला तिनं विचारलं होतं, "तू का नेहमी मागे?" मी म्हटलं, "पुढं बसलं की भजी खाता येत नाहीत." ती इतकी हसली की तिच्या नवऱ्याला वाटलं तिला काहीतरी झालं.

शपथ घेतल्यावर माझ्या हातात एकच राहिलं. ह्यांना एकट्याला गाडीवर जाऊ द्यायचं नाही. भाजी आणायला निघाले तरी मी मागं. आणि हात ह्यांच्या खांद्यांवर. उजव्या खांद्यावर बोटं वाजली की गाडी उजवीकडं घ्यायची, डाव्या खांद्यावर वाजली की डावीकडं, आणि दोन्ही मुठी पाठीत बसल्या की ब्रेक. हे काही आम्ही बसून ठरवलं नव्हतं. एकदा सक्कर चौकात मी घाबरून बोटं वाजवली, हे बरोबर त्या बाजूला कलले, आणि पुढं तेच चालू झालं. त्यावर बोलायचं मात्र नाही, तेही न बोलताच ठरलं. माझी बडबड तेवढी बंद झाली. रस्ता बघताना बडबड कुठली सुचते!

पाहुणे आले. त्यांनी पुण्यातून भाड्यानं दोन बुलेट आणल्या होत्या. ग्रुपमधला एकजण कोपरगावकडचा बागायतदार, उसाची शेती, मळ्यात मोठं घर. पाडव्याला सगळ्यांनी त्याच्याकडं जायचं, फटाके उडवायचे, जेवायचं, मुक्काम करायचा, असं ठरलं. मी धोशा लावला होता की सकाळीच निघू, उजेडात पोचू. निघालो पण सकाळीच. मग राहुरीला मिसळ झाली. मग शिर्डी आली आणि पाहुण्यांना दर्शन घ्यायचं होतं. दिवाळीच्या सुट्ट्या, मुंगीला जागा नाही. फुलवाल्यांशी पाहुणीची बोलणी, पेढे, फोटो, परत फोटो. सगळे मजेत, आणि मी एकटी मान वर करून सूर्य बघतेय. हे म्हणाले, "काय गं, उन्हात काय बघतेस?" म्हटलं, "काही नाही. ऊन चाललंय, ते बघतेय."

निघताना घोळ झाला. एरवी आमच्या पुढं ग्रुपमधला एक पांढऱ्या जाकिटाचा गडी असायचा. त्याचा लाल दिवा समोर धरून हे चालायचे, त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. शिर्डीच्या बाहेर सगळ्यांनी गाड्या थांबवून मानपान काढला. पाहुण्यांनी पुढं राहायचं, आणि पाहुणे दादांचे, म्हणून दादांनी सगळ्यांच्या पुढं. टाळ्या! हे छाती काढून पुढं. मी म्हटलं, "अहो, राहू द्या ना, आपण आपले मागं." तो पांढऱ्या जाकिटाचा म्हणतो कसा, "वहिनी, तुम्ही कशाला घाबरता? दादा हायेत ना!" त्याचं तोंड बघून मला रडावं की त्याला हाणावं कळेना.

दिवस मावळला होता. तो उजेडही नाही न् अंधारही नाही असा वेळ. कारखाने नुकतेच सुरू झालेले, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, एकीला मागं दिवा असेल तर शपथ. मी बोटं वाजवतेय, हे कलतायत. उजवा, डावा, उजवा. माझ्या बोटांना कळा यायला लागल्या. आणि एका वळणानंतर डाव्या बाजूला एक ट्रॉली बंद पडलेली, चाकामागं दगड, आणि खूण म्हणून मागं उसाची वाढी, ते हिरवे शेंडे, खोचलेली, बस्स. हे सरळ तिच्यावर. मी दोन्ही मुठी पाठीत हाणल्या आणि उजवा खांदा अक्षरशः ओरबाडला. गाडी कचकन दबली, उजवीकडं फेकल्यासारखी गेली, आणि ट्रॉलीतून लोंबणारं उसाचं पातं माझ्या गालाला चाटून गेलं. गालावर बारीक रक्त आलं.

मागून सगळ्यांच्या हॉर्नचा जल्लोष. "दादा, काय कट मारला! एक नंबर!" त्यांना वाटलं कसरत केली. आणि हे मान मागं टाकून मोठ्यानं हसले. ते हसणं मी ओळखते. लग्नानंतर पहिल्यांदा नोकरी सुटली होती तेव्हा असेच हसले होते. आमच्या लगेच मागं पाहुणी होती. तिनं हॉर्न वाजवला नाही.

मळ्यावर पोचलो तर घरासमोरचं खळं सारवून तयार, चुलीवर मटणाचा वास, आणि आमची वाट बघून कंटाळलेल्या मंडळींनी लगेच फटाक्यांच्या पिशव्या उघडल्या. भुईनळे झाले, चक्रं झाली, पाहुण्यांनी फुलबाजी हातात धरून फोटो काढले. ग्रुपमधल्या दोघांनी बुलेटच्या सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ आवाज काढून दाखवले, तेव्हा घरमालकाची आई पडवीतून ओरडली, "आरं मेल्यांनो, म्हशी दूध आटवतील! फटाकं कमी हायेत व्हय?" सगळे हसले. मग रॉकेट लावायला घेतले.

मी ह्यांच्या मागंच उभी होते. रॉकेट सुसाट वर जायचं, फुटायचं, सगळ्या माना एकदम वर आणि सगळ्यांच्या तोंडून "वा!" ह्यांचा "वा" मागून यायचा. सगळे बघतायत उजवीकडं, आणि हे समोरच्या काळ्या आभाळाकडं तोंड करून, आवाज आला की हसून म्हणायचे, "वा! वा!" एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चांदण्यांसारखा एवढा प्रकाश आभाळात सांडतोय आणि ह्या माणसाच्या वाट्याला नुसता आवाज. मला राहवलं नाही. पुढचं रॉकेट सुटलं तसा मी हात ह्यांच्या खांद्यावर ठेवला आणि बोटं वाजवली. उजवा. हे वळले. हिरवं-लाल फूल त्यांच्या बरोबर समोर उघडलं. "वा!" सगळ्यांबरोबर, त्याच क्षणी. पुढचं डावीकडं गेलं, मी डावा खांदा वाजवला. "अरे वा!" हे लहान पोरासारखे खूश झाले आणि मागं न बघता माझ्या बोटांवर आपला हात दाबून ठेवला. मग मी प्रत्येक रॉकेटला बोटं वाजवली. कोण बघतंय याचं मला भानच राहिलं नाही.

पाहुणी बघत होती. ती माझ्याजवळ आली, मला दंडाला धरून गोठ्याच्या बाजूला नेलं आणि आपले दोन्ही तळहात स्वतःच्या डोळ्यांच्या बाजूला आडवे धरले, टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसे. "असं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. डोळ्यांना पाणी आलं. पाण्यानं काही शपथ मोडत नाही. ती चिडली. तिची ती तोडकी इंग्रजी वाक्यं अजून माझ्या कानात आहेत. उद्या तो चालवणार नाही. तू सांग. नाहीतर मी सांगते. तो मरेल, वाहिनी, तू पण मरशील, रस्त्यावरचं कुणी तरी मरेल. मी हात जोडले. "प्लीज, नो. प्रॉमिस. आय प्रॉमिस हिम." तिला ते कळेचना. कसलं प्रॉमिस, असं ती विचारत राहिली, आणि डोक्यावर हात ठेवणं म्हणजे काय हे तिला समजावून सांगण्याएवढं इंग्रजी मला येत नव्हतं. मराठीतही मला ते तिला पटवता आलं नसतं.

तेवढ्यात खळ्यावर आरडाओरडा झाला. तिचा नवरा खाटेवर उभा राहून भाषण करत होता. पुढच्या उन्हाळ्यात दादा आणि वहिनी आमच्याकडे येणार, आल्प्सच्या डोंगरात आम्ही चौघं फिरणार, आणि दादांसाठी एक जुनी गाडी मी स्वतः दुरुस्त करून ठेवली आहे. त्यानं फोनवर त्या गाडीचा फोटो सगळ्यांना दाखवला. ह्यांनी फोन अगदी नाकासमोर धरून पाहिला, बराच वेळ. काळी, चकचकीत गाडी होती. "येणार!" हे म्हणाले. "शंभर टक्के येणार!" सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. पाहुणीनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"चला, चला, पाडव्याचं ववाळायचं ऱ्हायलंय," घरमालकाची आई म्हणाली. "आदी ववाळा, मंग जेवा." त्या बाईंनी खळ्याच्या मधोमध पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, आणि एकेका जोडप्याला पुढं बोलावलं. नवऱ्यानं पाटावर बसायचं, बायकोनं ओवाळायचं, नवऱ्यानं ताटात ओवाळणी घालायची. पाहुणीलाही सोडलं नाही. तिनं आपल्या नवऱ्याला कुंकू नाकापर्यंत लावलं, आणि त्यानं ओवाळणी म्हणून ताटात आपलं घड्याळ काढून ठेवलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट.

मग आमची पाळी. हे पाटावर बसले. मी ताट घेतलं, निरांजन, सुपारी, अक्षता. ओवाळताना ह्यांचे डोळे निरांजनाच्या ज्योतीवर होते. ती तेवढी दिसत असणार, ताटाची कड नाही. मी ताट पुढं धरलं. ह्यांनी खिशातून एक लहानशी डबी काढली आणि मोठ्या ऐटीत ठेवली. ताटात नाही. ताटाच्या अलीकडं, हवेत. डबी खाली पडली, पाटाला लागून रांगोळीत गेली.

"दादा, जेवणाच्या आधीच चढली का?" कुणीतरी म्हणालं. हशा झाला. हेही हसले, वाकले आणि हातानं जमीन चाचपायला लागले. डबी ह्यांच्या गुडघ्याजवळ होती. सगळ्यांना दिसत होती. हे भलतीकडं शोधत होते, बोटांनी रांगोळी पुसत, पाटाखाली, पाटाच्या मागं. हशा हळूहळू विरला. कुणी हललं नाही. माझ्या दोन्ही हातांत पेटतं ताट. मला वाकता येईना. तोंडानं "इथं आहे" एवढं सांगायचं, तर ते सांगितलं की सगळंच सांगितलं. पाहुणी एक पाऊल पुढं आली, आणि मी मानेनंच तिला नको म्हटलं. का नको म्हटलं, मला आजही कळत नाही. ती मात्र थांबली.

हे शोधायचं थांबले. थोडा वेळ तसेच वाकून राहिले, हाताला लाल-पिवळी रांगोळी. मग सरळ बसले. दुसऱ्या खिशात हात घातला, बुलेटची किल्ली काढली. डाव्या हातानं आधी ताटाची कड शोधली, बोट कडेवरून फिरवत आत आणलं, आणि सुपारीशेजारी किल्ली ठेवली.

"हीच घे," मला म्हणाले. "आता सुटली तुझी शपथ."

महिनाभर मी देवाकडं हेच मागत होते. आणि ताटात किल्ली पडल्यावर मला असं वाटलं की ताट फेकून द्यावं आणि ह्यांना म्हणावं, उठा, चला, नगरपर्यंत मला घेऊन चला, आत्ताच्या आत्ता, मी बोटं वाजवते. तोंडातून नुसता हुंदका आला. घरमालकाच्या आईनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "बस गं बाई, बस," म्हणाल्या. पांढऱ्या जाकिटाचा गडी तोंड फिरवून उभा राहिला, खांदे गदगदत होते. हे तिथूनच पाहुण्याला म्हणाले, इंग्रजीतून, हसत, की आल्प्सला मी येतो, पण मागच्या सीटवर. त्याला विनोद वाटला, तो खो खो हसला. मग त्याच्या बायकोनं त्यांच्या भाषेत त्याला दोन वाक्यं सांगितली. मी त्याचा चेहरा पडताना पाहिला. त्यानं फोन खिशात टाकला आणि ह्यांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला. उरलेले फटाके त्या रात्री कुणी लावले नाहीत.

डबीत जोडवी होती, चांदीची. नक्षी उठावाची होती, हातानं चाचपून निवडली असणार.

सकाळी निघताना मी किल्ली पाहुणीच्या हातात दिली. आमच्या ग्रुपमध्ये ह्यांची गाडी कुणी चालवायची हिंमत केली नसती, तिनं घेतली. तिची भाड्याची गाडी पांढऱ्या जाकिटवाल्यानं घेतली, स्वतःची मळ्यावरच ठेवून. आम्ही दोघं घरमालकाच्या कारमध्ये मागं बसलो, हे डाव्या खिडकीशी, मी ह्यांच्या उजवीकडं. पुढं आमची बुलेट चाललेली. ह्यांनी काच खाली केली, डोळे मिटले आणि कान तिकडं लावला. "तिसऱ्यातच रेमटवतेय," म्हणाले. "चौथा गिअर टाक म्हणावं तिला." मी म्हटलं, "सांगते हं पुढं थांबल्यावर."

रस्त्याच्या पलीकडच्या कडेला ती कालची ट्रॉली तशीच उभी होती. वाढी वाळून गेली होती. घरमालक गाडी नीट चालवत होता, त्याला सगळं दिसत होतं. तरी ट्रॉली जवळ आली तसा माझा हात कालच्यासारखाच आपोआप वर गेला आणि ह्यांच्या उजव्या खांद्यावर बोटं वाजली.

आणि हे डोळे मिटूनच, कारच्या सीटवर बसल्या बसल्या, उजवीकडं कलले. पूर्ण अंगानं, माझ्यावर. मी त्यांना सरळ केलं नाही.